राफ्टमध्ये उतरायचं नाही, चढायचं

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका छोट्या हिशेबाने करू.

ऑगस्ट १९७९. इंग्लंड आणि आयर्लंडच्या जवळचा समुद्र. शिडाच्या होड्यांची शर्यत चालू होती आणि मध्येच मोठं वादळ आलं. त्या वादळात २४ होड्या त्यांच्यावरच्या माणसांनी सोडून दिल्या. काहींना हेलिकॉप्टरने उचललं, काही दुसऱ्या बोटींवर चढले, आणि काही जण लाइफ राफ्टमध्ये गेले, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यात. वादळ ओसरल्यावर मोजदाद झाली. २४ पैकी ५ होड्या बुडाल्या होत्या. उरलेल्या १९ तरंगत होत्या. डोलकाठ्या मोडलेल्या, आत पाणी भरलेलं, माणूस एक नाही, पण तरंगत होत्या.

चौकशी अहवालात आणखी एक आकडा आहे. राफ्टशी संबंधित घटनांमध्ये सात माणसं गेली. त्यातली तीन तर राफ्टनेच दगा दिल्यामुळे. आणि या सात जणांनी ज्या होड्या सोडल्या होत्या, त्या सगळ्या नंतर तरंगत सापडल्या आणि ओढून बंदरात आणल्या गेल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. जीव वाचवायला सोबत नेलेली वस्तू, तिच्यात बसलेली माणसं गेली, आणि ज्या होडीला घाबरून ती निघाली ती होडी मात्र घरी आली. आजचा भाग याच वस्तूबद्दल आहे. छोट्या शिडाच्या होडीवर राफ्ट कसा आला, त्याने कोणाला वाचवलं, कोणाला नाही, आणि तो कधी वापरायचा हे शिकायला माणसांना इतकी वर्षं का लागली.

आधी वस्तू समजून घेऊ

लाइफ राफ्ट तुम्ही पाहिला असेल तर बहुतेक बंदच पाहिला असेल. पांढऱ्या रंगाचा, फायबरचा, पिंपासारखा किंवा मोठ्या सुटकेससारखा डबा. मोठ्या फेरी बोटींवर असे डबे कठड्याला ओळीने लावलेले असतात. छोट्या यॉटवर एकच असतो, डेकवर बांधलेला किंवा मागच्या बाजूला एखाद्या कप्प्यात ठेवलेला. चार माणसांचा राफ्ट म्हटला तरी वजन साधारण तीसेक किलोच्या घरात जातं.

डब्यातून एक लांब दोरी बाहेर येते. ही दोरी आधी होडीला घट्ट बांधायची, मग डबा पाण्यात टाकायचा, आणि मग दोरी ओढत राहायची. पूर्ण ताणली गेली की झटका बसतो, आतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो, कार्बन डायऑक्साइड भसकन नळ्यांमध्ये शिरतो आणि थोड्याच वेळात समोर गोल तंबूसारखा तराफा उभा राहतो. खाली एकावर एक दोन फुगीर कडी, मध्ये रबराचा तळ, वर छप्पर. आत थोडं पाणी, आरोळी देणारे दिवे, पंक्चरचं सामान, पाणी उपसायचं भांडं.

दोरी न बांधता डबा फेकला तर राफ्ट वाऱ्याबरोबर निघून जातो. डेकवरच फुगवला तर वारा तो पतंगासारखा उचलतो. आणि बुडणारी होडी डबा घेऊन खाली जाऊ नये म्हणून काही डब्यांना असा एक कडा लावतात, जो काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने आपोआप सुटतो.

इतकं सगळं डोकं लावलेली वस्तू आहे ही. पण एक गोष्ट तिच्यात नाही. शीड नाही, सुकाणू नाही, इंजिन नाही. तिला कुठे जाता येत नाही. ती फक्त थांबते आणि वाहत राहते.

वेड लावणारी कल्पना

हवेचा तराफा आधी आला तो विमानांमध्ये. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकांकडे फुगवता येणाऱ्या छोट्या होड्या असायच्या. युद्ध संपल्यावर ही कल्पना हळूहळू साध्या खलाशांपर्यंत आली. त्याआधी छोट्या शिडाच्या होडीवर काय असायचं? एखादी वल्ह्याची डिंगी, किनाऱ्यावर जा-ये करायला. समुद्राच्या मध्यात होडी बुडाली तर विषय संपला, असंच धरून चालायचे.

१९५२ मध्ये आलँ बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे गृहीत मोडायचं ठरवलं. त्याचं म्हणणं होतं की जहाज फुटल्यावर माणसं भुकेने किंवा तहानेने मरण्याच्या आधी भीतीने मरतात. समुद्रातच जगण्यापुरतं सगळं आहे, मासे आहेत, त्यांच्या अंगातला रस आहे, पाऊस आहे. हे सिद्ध करायला तो साडेचार मीटरच्या रबरी होडीत एकटा बसला आणि कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडायला निघाला. होडीचं नाव त्याने ठेवलं 'लेरेतीक', म्हणजे पाखंडी. ६५ दिवसांनी, डिसेंबरमध्ये, तो बार्बाडोसला पोचला. वजन २५ किलोने उतरलं होतं, पण माणूस जिवंत होता.

समुद्राचं पाणी थोडं थोडं प्यायला हरकत नाही या त्याच्या दाव्यावर पुढे खूप वाद झाले, आणि आजचा कोणताही डॉक्टर तुम्हाला तसं करू देणार नाही. पण रबराच्या फुग्यात बसून महासागर पार होऊ शकतो, हे लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

याच बोंबारची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, एतेल नावाच्या गावी, खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथे त्याने राफ्टची चाचणी घेतली. सोबत स्वयंसेवक होते. राफ्ट उलटला. वाचवायला आलेली बोटही उलटली. नऊ माणसं मेली. शांत, खुल्या समुद्रात महिनोन्‌महिने तग धरणारा तराफा फुटणाऱ्या लाटेत मात्र काही क्षणांत उलटू शकतो, हा धडा त्या दिवशी मिळाला होता. तो घेतला मात्र फार कमी लोकांनी.

जगलेल्यांची पुस्तकं

१९७२. डुगल रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश माणूस बायको आणि मुलांना घेऊन 'लुसेट' नावाच्या ४३ फुटी लाकडी होडीतून जगप्रवासाला निघाला होता. १५ जूनला, गालापागोस बेटांच्या पश्चिमेला, ऑर्का माशांच्या धडकेने होडीचा तळ फुटला. होडी काही मिनिटांत गेली. डुगल, बायको लिन, मोठा मुलगा, दोन जुळी मुलं आणि पनामाहून सोबत आलेला एक विद्यार्थी, अशी सहा माणसं. त्यांच्याकडे एक रबरी राफ्ट होता आणि नऊ फुटांची एक फायबरची डिंगी.

राफ्ट पहिल्यापासून गळत होता. तोंडाने हवा भरायची, पाणी उपसायचं, पुन्हा हवा भरायची. अडीच आठवड्यांच्या आत त्याने पूर्ण मान टाकली आणि सहाच्या सहा माणसं त्या नऊ फुटी डिंगीत आली. पाऊस पडला की पाणी साठवायचे, कासवं पकडून खायचे, त्यांचं रक्त प्यायचे. ३८ दिवसांनी एका जपानी मासेमारी बोटीने त्यांना उचललं. सहाही जिवंत.

पुढच्याच वर्षी, मार्च १९७३ मध्ये, जवळपास त्याच समुद्रात मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याची 'ऑरलिन' देवमाशाच्या धडकेने फुटली. ३१ फुटी होडी. त्यांना तासाभराचा अवधी मिळाला, त्यामुळे सामान गोळा करता आलं. एक राफ्ट, एक रबरी डिंगी, दोन्ही एकमेकांना बांधलेली. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. पण तिने सेफ्टी पिन वाकवून मासे पकडायचे गळ केले आणि नवऱ्याची उमेद संपत आली तेव्हाही दिवसाचं वेळापत्रक चालू ठेवलं. सात जहाजं जवळून गेली, एकालाही ते दिसले नाहीत. आठवं कोरियन होतं, ते वळलं. ११७ दिवस झाले होते.

एक तपशील लक्षात ठेवा. बेलींनी होडीवर संदेश पाठवणारा रेडिओ ठेवलाच नव्हता. मुद्दाम. बाहेरच्या जगापासून मोकळं राहायचं म्हणून. त्या काळच्या अनेक दर्यावर्दींची हीच वृत्ती होती. मी हौसेने समुद्रात जातोय, तर माझ्यासाठी दुसऱ्यांनी जीव धोक्यात का घालावा? आज आपल्याला हे वेडेपणाचं वाटेल, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता, हेही मान्य करायला हवं.

दोन्ही कुटुंबांची पुस्तकं आली, जगभर वाचली गेली. वाचून कोणाच्याही मनात एकच गोष्ट ठसणार की राफ्ट असेल तर माणूस जगतो. आपल्याकडे म्हणतातच, बुडत्याला काडीचा आधार. राफ्ट ही चांगली जाडजूड काडी.

पण या म्हणीतला 'बुडत्याला' हा शब्द जरा बाजूला काढून ठेवा. रॉबर्टसन आणि बेली खरोखर बुडत होते. त्यांच्या पायाखाली होडी उरलीच नव्हती. त्यांना निर्णय घ्यावाच लागला नाही.

आणि जे राफ्टमधून परत आले नाहीत, त्यांची पुस्तकं कोण लिहिणार?

१४ ऑगस्ट १९७९ची पहाट

आता सुरुवातीच्या शर्यतीकडे येऊ. फास्टनेट रेस. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या काउझ गावातून निघायचं, आयर्लंडच्या टोकाजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि परत इंग्लंडला प्लिमथ गाठायचं. साधारण ६०० सागरी मैल. ११ ऑगस्टला ३०३ होड्या निघाल्या. त्यात ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांची होडी होती, तशा तीस फुटांच्या घरगुती होड्याही होत्या. नियमानुसार राफ्ट सोबत असणं बंधनकारक होतं.

१३च्या रात्री अंदाजापेक्षा कितीतरी जोरात वादळ आलं. बोफोर्ट मापावर दहा, झोत अकराचे. लाटा नुसत्या उंच नव्हत्या, त्या फुटत होत्या. सत्तरहून जास्त होड्या आडव्याच्याही पलीकडे कलल्या, काही पूर्ण गोल फिरल्या. आत काय होत असेल याचा विचार करा. अंधार, थंडी, गुडघाभर पाणी, त्यात बॅटऱ्या, डबे, स्टोव्ह, भांडी सगळं अंगावर येतंय. एकदा होडी उलटून सरळ झाली, आता पुन्हा कधी उलटेल माहीत नाही. अशा वेळी डेकवरचा तो पांढरा डबा काय वाटत असेल?

'ट्रॉफी' नावाच्या होडीवरचे आठ जण राफ्टमध्ये गेले. राफ्ट उलटला, आणि त्याची वरची आणि खालची कडी एकमेकांपासून सुटली. आठांपैकी तीन गेले. 'ट्रॉफी' तरंगत राहिली.

'ग्रिमाल्किन' ही तीस फुटी होडी. वर सहा माणसं. पहाटे होडी पूर्ण उलटली, सरळ झाली. कप्तान पाण्यात हरवला. निक वॉर्ड आणि जेरी विंक्स हे दोघे बेशुद्ध, निपचित. उरलेल्या तिघांना वाटलं हे दोघे गेले. होडी आता जाणार असंही वाटलं. तिघे राफ्टमध्ये उतरले, नंतर हेलिकॉप्टरने वाचले.

निक वॉर्ड शुद्धीवर आला तेव्हा तो पाण्यात होता, सुरक्षेच्या पट्ट्याने होडीला लटकलेला. तो कसाबसा वर चढला. जेरीलाही त्याने वर ओढून घेतलं. जेरीचा थोडाच वेळ श्वास चालू राहिला. मग निक त्या होडीवर एकटाच, मित्राच्या मृतदेहासोबत. पुढचे कित्येक तास तो बादलीने पाणी उपसत होता. संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं. सगळ्यांनी सोडलेली ती होडी तोवर त्याला धरून होती. निकने याबद्दल जवळपास तीस वर्षांनी पुस्तक लिहिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ते तीन जण वाईट नव्हते. त्यांनी जे पाहिलं त्यावर त्यांनी निर्णय घेतला, आणि त्यांचा राफ्ट टिकला म्हणून ते वाचले. आपण २० अंशांच्या एसीत बसून, निकाल माहीत असताना, त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. प्रश्न त्यांच्या हिमतीचा नाही. त्या क्षणी होडी बुडतेय की नुसती भयंकर दिसतेय, हे ओळखायचं कसं, हा प्रश्न आहे.

शर्यतीतले १५ जण त्या वादळात गेले. १३६ जणांना नौदलाची हेलिकॉप्टर, लाइफबोटी आणि आसपासच्या जहाजांनी वाचवलं.

अहवाल काय म्हणाला

त्याच वर्षी ब्रिटनच्या दोन नौकानयन संस्थांनी मिळून चौकशी केली. त्यांनी सर्व होड्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, उत्तरं गोळा केली, आकडे मांडले. मला हा अहवाल आवडतो कारण तो कोणावर खापर फोडत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टिम कोसळल्यावर जो अहवाल लिहायचा असतो, आणि जो आम्ही क्वचितच धड लिहितो, तो असा असायला हवा.

राफ्टबद्दल त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली तांत्रिक. तेव्हाचे राफ्ट फार हलके होते. खालून पकड नव्हती, त्यामुळे वारा आणि लाट त्यांना सहज उलटवत होते. छप्परं फाटत होती, दोऱ्या तुटत होत्या. काही राफ्ट तर वापरायची वेळ येण्याआधीच लाटांनी डेकवरून उचलून नेले. यावर उपाय होता. राफ्टच्या तळाला मोठ्या पिशव्या लावायच्या. त्या पाण्याने भरल्या की राफ्ट पाण्याला धरून बसतो. आजच्या चांगल्या राफ्टना अशा पिशव्या असतात.

दुसरी गोष्ट माणसांची होती आणि ती जास्त अवघड. होडी सोडायची घाई झाली होती. शिडाच्या होडीच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं. ती उलटली तरी त्या वजनाने बहुतेक वेळा सरळ होते. तिच्यात अन्न आहे, रेडिओ आहे, कोरडा कपडा असू शकतो. वरून शोधणाऱ्या वैमानिकाला ती राफ्टपेक्षा लवकर दिसते. अर्धं पाणी भरलेली होडीसुद्धा पूर्ण फुगलेल्या राफ्टपेक्षा बहुतेक वेळा चांगली.

यातूनच दर्यावर्दींमध्ये एक वाक्प्रचार रुळला. राफ्टमध्ये उतरायचं नसतं, चढायचं असतं. म्हणजे होडी इतकी खाली गेलेली हवी की राफ्ट तुमच्यापेक्षा उंच असेल. तोवर होडी सोडू नका.

आमच्याकडे यालाच जोडी असलेली गोष्ट म्हणजे बॅकअप सर्व्हर. मुख्य सर्व्हर रखडतोय, लाल दिवे लागलेत, रात्रीचे तीन वाजलेत. कोणीतरी घाबरून सगळा भार बॅकअपवर टाकतो. बॅकअप लहान आहे आणि वर्षभरात कोणी तपासलेला नाही. तो दोन मिनिटांत बसतो. मुख्य सर्व्हर मात्र रखडत का होईना चालूच असतो. फरक एवढाच की आमच्याकडे कोणी मरत नाही.

पण खरोखर बुडत असाल तर

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल राफ्ट घ्यायचाच कशाला. फास्टनेटमध्येही ज्यांच्या होड्या खरंच बुडाल्या, त्यांच्यापैकी अनेकांना राफ्टनेच धरून ठेवलं होतं.

फेब्रुवारी १९८२. स्टीव्ह कॅलहन हा अमेरिकन होड्यांचं डिझाइन करणारा माणूस. त्याने स्वतः बांधलेली 'नेपोलियन सोलो', जेमतेम साडेसहा मीटरची. कॅनरी बेटं सोडून काही दिवस झाले होते. रात्री काहीतरी आदळलं, बहुधा देवमासा. पाणी धडधडत आत आलं.

स्टीव्हने दोन गोष्टी आधीच बरोबर केल्या होत्या. एकट्यासाठी त्याने सहा माणसांचा राफ्ट घेतला होता. आणि होडीत हवाबंद कप्पे ठेवले होते, त्यामुळे ती लगेच बुडाली नाही. तो राफ्टमध्ये गेला, पण राफ्टची दोरी होडीला बांधलेलीच ठेवली. त्या भरलेल्या होडीत पुन्हा शिरून, बुड्या मारून, त्याने झोपायची पिशवी आणि आपत्कालीन सामान बाहेर काढलं. उजाडल्यावर आणखी काढू असा विचार होता, पण त्याआधीच दोरी तुटली.

मग ७६ दिवस. सूर्याच्या उष्णतेने खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढणारी साधनं, मासे मारायचा भाला. भाल्याने एकदा राफ्टच्याच खालच्या कड्याला भोक पडलं, ते बुजवायला दहा दिवस गेले. राफ्टभोवती मासे जमले होते, माशांमागे पक्षी आले, आणि पक्षी दिसले म्हणून ग्वादलूपचे तीन कोळी तिकडे वळले. ते पक्ष्यांमागे मासे शोधत आले होते, त्यांना माणूस मिळाला. हाच कॅलहन पुढे आंग ली यांच्या 'लाइफ ऑफ पाय' सिनेमाला सल्लागार होता. पाँडिचेरीचा तो मुलगा आणि वाघ ज्या समुद्रात वाहतात, तो दाखवण्यामागे या माणसाचा अनुभव आहे.

स्टीव्हकडे संकटाचा सिग्नल देणारं यंत्रही होतं. पण तेव्हा तो सिग्नल वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाने ऐकला तरच उपयोग. कोणी ऐकला नाही. तो एप्रिल १९८२ मध्ये सापडला. ३० जूनला सोव्हिएत संघाने एक उपग्रह सोडला, संकटाचे सिग्नल अवकाशातून ऐकणारा पहिला. ऐन शीतयुद्धात सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन कोस्पास-सारसॅट नावाची यंत्रणा उभी केली होती. त्याच सप्टेंबरात तिने कॅनडात कोसळलेल्या विमानातल्या तिघांना शोधून दिलं. आज तिचे सिग्नल घेणारी केंद्रं बेंगळुरू आणि लखनौलाही आहेत.

याने राफ्टचा अर्थ बदलला. पूर्वी राफ्ट म्हणजे महिनोन्‌महिने जगायची जागा. आता तो काही तास किंवा काही दिवस वाट पाहायची जागा झाला.

पण जागा धोक्याची राहिलीच. डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी ते होबार्ट शर्यतीत 'विन्स्टन चर्चिल' ही जुनी लाकडी होडी खरोखर बुडाली. नऊ जण दोन राफ्टमध्ये चढले. एक राफ्ट लाटांत पुन्हा पुन्हा उलटला आणि त्यातल्या पाचांपैकी तिघे गेले. त्यांचा निर्णय चुकला नव्हता. तरीही.

गोव्याची होडी

शेवटची गोष्ट आपल्या जवळची आहे.

१९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा माणूस एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला ठरला. त्याची होडी 'सुहेली' मुंबईत बांधलेली होती. त्या प्रवासाला ५० वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये जुन्या पद्धतीची, जीपीएसशिवायची गोल्डन ग्लोब शर्यत झाली. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी त्यात होते, आणि त्यांची 'तुरीया' ही 'सुहेली'चीच प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली.

२१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळाने 'तुरीया' उलटवली. डोलकाठ्या तुटल्या. टॉमी यांच्या पाठीला इतका मार लागला की चालणं सोडाच, उठताही येईना. ते आत बंकवर पडून राहिले आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवत राहिले. मॉरिशसहून नौदलाचं पी-८आय विमान उडालं आणि त्यांनी होडी पाहिली. मोडलेली, पण तरंगणारी. २४ तारखेला फ्रान्सचं 'ओसिरिस' हे मत्स्यगस्ती जहाज पोचलं, त्याचे लोक छोट्या बोटीने 'तुरीया'वर गेले आणि त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. ते तीन दिवस गोव्यात बांधलेल्या त्या लाकडी होडीनेच राफ्टचं काम केलं.

टॉमी यांच्या मणक्यात टायटॅनियमच्या सळया घातल्या गेल्या. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले.

त्याच २०२२च्या शर्यतीत फिनलंडचा टापिओ लेहतिनेन याची 'अ‍ॅस्टेरिया' नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला बुडाली. वादळ नव्हतं. पाणी मागून आत आलं आणि पाचेक मिनिटांत होडी गेली. टापिओ राफ्टमध्ये गेला. सिग्नल उपग्रहापर्यंत पोचला. किर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्पर्धक रात्रभर होडी हाकत आली, तिने सुमारे चोवीस तासांनी त्याला राफ्टमधून उचललं आणि नंतर एका मालवाहू जहाजावर चढवलं. शर्यत शेवटी तिनेच जिंकली.

चार वर्षांच्या अंतराने एकाच शर्यतीत दोन होड्या. एक मोडली, पण तरंगत राहिली, आणि तिच्यातच थांबलेला माणूस वाचला. दुसरी पाच मिनिटांत गेली, तेव्हा राफ्ट हाताशी नसता तर टापिओही गेला असता. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्न दरवेळी एकच असतो. पायाखाली अजून होडी आहे का?

म्हणून छोट्या होडीवर राफ्ट हवाच. तो अशा जागी हवा की पाच मिनिटांत, अंधारात, थरथरत्या हातांनी बाहेर काढता येईल. त्याची ठरल्या वेळी तपासणी व्हायला हवी. दोरी कुठे बांधायची हे वरच्या प्रत्येक माणसाला माहीत हवं. आणि हे सगळं करून झाल्यावर, होडी तरंगतेय तोवर त्याच्याकडे बघायचंही नाही. बादली उचलायची आणि पाणी उपसायला लागायचं.

निक वॉर्डने तेच केलं होतं. त्याच्याकडे राफ्ट उरला नव्हता म्हणून.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी कोकणात, गोव्यात शीड लावून होडी चालवली असेल तर तुमच्या होडीवर राफ्ट कुठे बांधलाय ते जाऊन बघा, आणि शेवटची तपासणी कधी झाली तेही. भेटू पुढच्या भागात.